लांघन डोंगरीवर काढलेला घास

आज माझा उपास आहे. उपासाच्या दिवशी तोंडातून खोटं जाऊ नये एवढं मी पाळते, म्हणून मुद्दाम आजच लिहायला बसले.

ही गोष्ट घडलेली आहे. माझ्या वच्छला मावशीच्या घरात घडली. तिने ती स्वतःच्या तोंडाने मला सांगितली. तिची मुलगी जयाताई आज सत्तरी ओलांडून बसली आहे. ती तेव्हा शेजारीच होती, आणि तिने आईचा एकही शब्द खोडला नाही.

साल एकोणीसशे सत्तावन्न. डिसेंबर महिना. जागा भिलाईला लागून असलेलं कुरुद गाव.

एक आधीच सांगते. ही रात्रीची गोष्ट नाही. हिच्यात अंधार नाही, अमावस्या नाही. जे सुरू झालं ते भर दुपारी, जे संपलं तेही भर दुपारी...

जेवायच्या वेळी.

वाचताना पुढ्यात ताट असेल, तर आधी जेवून घ्या.

तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे जमीन उपसलेली, लोखंडी खांब उभे, कामगारांचे तंबू आणि धूळ. वच्छलाचा नवरा देवीदास भंडाऱ्याकडचा. घरची धानाची शेती भावांच्या हवाली करून तो इकडे आला आणि मोजणीच्या तुकडीत चेनमन म्हणून लागला. साहेब खालून दुर्बिणीतून पाहणार, आणि हा साखळीचं टोक नाहीतर झेंडी घेऊन काट्याकुट्यांतून पुढे जाणार. आठवडाभर खाणीकडच्या तंबूत राहायचं, शनिवारी मालगाडीने घरी यायचं.

घर म्हणजे कुरुदमध्ये रंभा नावाच्या छत्तीसगढी बाईकडे भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या. देवीदास, वच्छला आणि सहा वर्षांची जया. जयाच्या आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. जया तरी धडधाकट राहावी म्हणून वच्छलाने दसऱ्यानंतर सोळा सोमवारचं व्रत धरलं होतं.

वच्छला बोलायला मऊ, पण सोवळ्याला कडक. पेल्याला ओठ लावलेला तिला चालत नसे, पाणी वरून ओतून प्यायचं. स्वयंपाकाची चव ती कधी बघत नसे. मीठ कमी की जास्त, ते देवाने बघावं. बायकोने नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं ही तेव्हाची रीत, तीसुद्धा तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी मोडली. सासू चार दिवस बोलली. ही हसली आणि आपलं ताट वेगळं घेऊन बसली.

उष्टं म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा.

हे लक्षात असू द्या.

आता त्या डोंगराबद्दल.

बालोदच्या पुढे लोखंडाच्या डोंगरांची एक लाल रांग जाते. त्या रांगेतल्या सगळ्यांत उंच माथ्याला खालची गावं लांघन डोंगरी म्हणत. छत्तीसगढीत लांघन म्हणजे उपाशी. खाणीच्या कागदांत त्याला दुसरं नाव आहे, ते मी लिहीत नाही. त्याच्याही कितीतरी आधी एक इंग्रज साहेब नकाशा करायला आला होता. त्याने डोंगराचं नाव विचारलं, तर गावातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मग त्याने नकाशावर नुसता त्रिकोण काढला, शेजारी एकवीसशे फूट अशी उंची लिहिली आणि निघून गेला.

तीन बाजूंनी सरळ कडा. पश्चिमेकडून तेवढी एक सोंड खाली उतरलेली, तिच्यावरूनच वर जाता येई. पोटाला सागाचं दाट रान, पण शेवटच्या शंभर-दीडशे फुटांत एक झाड नाही. लोखंडाचा दगड आणि गुडघाभर गवत. होकायंत्राची सुई तिथे ठरत नसे. पावसाळ्यात वीज पडायची ती तिथेच. माथा मात्र सपाट, अंगणाएवढा. मधोमध त्या साहेबाने रचलेली दगडांची चळत.

वर्षातून एकदा गावचा बैगा, म्हणजे त्यांचा पुजारी, वर जायचा. उपाशी चढायचा, उपाशी उतरायचा. बाकी कोणी जात नसे.

सत्तावन्नच्या डिसेंबरात मोजणीवाले गेले.

अकराव्या सोमवारी संध्याकाळी वच्छलाने पूजा करून कणकेचा, गुळातुपाचा चुरमा केला. मंगळवारी पहाटे देवीदास निघाला तेव्हा त्याच्या वाट्याचा चुरमा तिने डब्यात बांधून दिला.

"परसाद हाय. कोनाले उष्टा करू देऊ नका," ती म्हणाली. "आन् रानात बसून खासान, तं पहिला घास काढून ठेवजा."

"तू मले शिकवून राहिली का?" देवीदास हसला. "माह्या बापानं बांधावर घास टाकल्याबिगर कधी पानी नाही पेलं."

"बापानं टाकला. तुमी इसरता."

"नाही इसरत, माय माही."

खरंच नाही विसरला तो.

बुधवारी दुपारी देवीदास आणि सुखराम झेंडी घेऊन लांघन डोंगरीच्या माथ्यावर उभे होते. सुखराम म्हणजे घरमालकीण रंभाचा भाऊ. त्याचं गाव त्या डोंगराच्या पायथ्याशीच, म्हणून वाट दाखवायला त्याला घेतलं होतं. साहेब खाली होता. वर हे दोघेच.

सुखरामने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पाण्याची बाटलीसुद्धा तो खाली झाडाला टांगून आला होता. देवीदासला वाटलं, असेल याचा काही नेम.

खालून इशारा यायला वेळ होता. भूक लागली. देवीदासने डबा उघडला. येताना तोडलेलं पळसाचं पान त्याने चळतीपाशी ठेवलं, त्यावर चुरम्याचा एक घास काढला, हात जोडले. आणि आपल्याकडे जेवायला बसताना सवयीने जे म्हणतो, ते म्हणाला.

"या जेवाले."

सुखरामच्या हातातली झेंडी खाली पडली.

"किसको बुलाया, भैया?" त्याने अगदी हळू विचारलं.

"कोनाले? इथं कोन हाय?"

सुखराम गवताकडे बघत होता.

वारा नव्हता. आणि तरी...

गवत एका जागी दबलं. मग त्याच्या शेजारी. मग त्याच्या शेजारी. कोणीतरी मांडी घालून बसावं तसं.

देवीदासने हे घरी सांगितलं नाही. जवळजवळ चार आठवडे नाही सांगितलं.

शनिवारी तो आला. रविवारी दुपारी वच्छलाने भात केला, वरण केलं, वांग्याची भाजी केली. भाताच्या गंजावर झाकण ठेवलं, झाकणावर पाण्याचा लोटा ठेवला आणि जयाला हात धुवायला घेऊन गेली.

परत येऊन झाकण काढलं...

भातात बोटांच्या खुणा होत्या.

चार बोटं खोल घालून भात ओढून घ्यावा, तशा. एक नाही. चारही बाजूंनी. भात कमी झाला नव्हता, पण वरचा सगळा थर चिकट, चकचकीत आणि ओला.

"मांजर आलं होतं का?" देवीदास म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"मांजर लोटा उचलून ठेवते का?" वच्छला म्हणाली.

तिने भात गाईला नेऊन घातला. गाईने वास घेतला आणि मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी बारावा सोमवार. वच्छलाने घर शेणाने सारवलं. गंज राखेने घासला, चुलीवर उलटा तापवला. संध्याकाळी नैवेद्याचं ताट देवापुढे ठेवून तिने डोळे मिटले.

आणि आवाज आला.

मच्... मच्... मच्...

दात नसलेलं म्हातारं माणूस चघळतं ना, तसा. अगदी समोरून. हातभर अंतरावरून.

तिने डोळे उघडले. समोर कोणी नाही. दिवा स्थिर. ताटातला चुरमा मात्र एका बाजूने चाटलेला होता. जिभेचा माग स्पष्ट दिसत होता, गोगलगाय फिरावी तसा.

आणि एक वास.

तो वास तिला ओळखू आला. हरतालिकेच्या निर्जळ उपासाला दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच तोंडाला येतो तो. शिळा, आंबूस, रिकाम्या पोटातून वर आलेला. पण हा एका दिवसाच्या उपासाचा नव्हता. आणि एका तोंडाचा नव्हता.

देवाला उष्टा नैवेद्य दाखवला गेला. वच्छला त्या दिवशी तशीच झोपली. दुसऱ्या दिवशी नवी हांडी आणली.

नव्या हांडीतही तेच.

फडक्यात बांधलेल्या पोळीला चावे. लोणच्याच्या बरणीत फोडी चोखून पांढऱ्या पडलेल्या. दुधावर साय धरावी तशी तोंडातल्या फेसाची तार. पाण्याच्या माठात वर तेलकट तवंग, आणि तळाशी चावून टाकलेलं काहीतरी.

मोठ्या माणसांनी कसंबसं निभावलं. देवीदास डोळे मिटून गिळायचा. वच्छला शेंगदाणे सालीसकट तोंडाशी नेऊन तिथेच फोडायची. साल फुटेपर्यंत दाणा कोरडा असायचा, तेवढाच.

पण जया लहान होती.

"माय, याले थुका लागला हाय," ती म्हणाली.

"नाही बाळा. आताच केलं मी."

"लागला हाय. कोनाचा तरी. मले नाही पायजे."

पहिल्या आठवड्यात तिने भात सोडला. दुसऱ्यात पोळी. तिसऱ्यात दूध तोंडाशी नेलं की तिला कोरड्या उलट्या व्हायच्या. दुर्गच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. तेही चमच्यातून तोंडात जाईपर्यंत कोणीतरी चाटून घेतलेलं असायचं. पोरीचे हात काडीसारखे झाले. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला.

रंभाने आपल्या घरी पेज करून पाहिली. "मोर घर म खाही, बहिनी," ती म्हणाली, माझ्या घरी खाईल ही.

नाही खाल्लं. जे होतं ते घरात नव्हतं. या तिघांच्या मागे होतं.

पंधराव्या सोमवारच्या आदल्या दुपारी वच्छला जयाला मांडीवर घेऊन बसली. मऊ भात कालवला. एक छोटा घास बोटांत धरला. ताटापासून तोंडापर्यंतचं अंतर किती, वीतभर. तिने घासावरची नजर काढली नाही.

घास अर्ध्यात आला, आणि...

बोटांत जड झाला.

मग कोमट झाला.

मग ओला.

तिच्या बोटांपासून वर, हवेत, लाळेची एक तार लोंबत होती. वरचं टोक कशालाच चिकटलेलं नव्हतं.

जयाने ती तार पाहिली. रडलीसुद्धा नाही. तेवढी ताकद नव्हती. तिने फक्त ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान आईच्या कुशीत वळवली.

वच्छलाने घास खाली ठेवला. हात धुतला नाही. तशीच उठून बाजेवर बसलेल्या देवीदाससमोर उभी राहिली.

"तुमी काहीतरी आनलं हाय घरी," ती म्हणाली. "काय आनलं, सांगा."

तेव्हा त्याने सांगितलं.

सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "मीच सांगतलं होतं तुमाले घास काढाले."

रंभाने भावाला बोलावणं धाडलं. सुखराम आला तो ओटीवर बसला, आत यायला तयार होईना. घरात काही शिजलेलं आहे का, आधी विचारलं. नाही म्हटल्यावर बोलायला लागला. अर्धं छत्तीसगढीत, अर्धं हिंदीत. मी माझ्या भाषेत लिहिते.

सुखरामच्या आजीच्या लहानपणी संवत छप्पनचा, म्हणजे इंग्रजी अठराशे नव्व्याण्णवचा, मोठा दुष्काळ पडला. गावात झाडाची सालसुद्धा उरली नाही. कोणीतरी बातमी आणली की सरकारने कुठेतरी अन्नछत्र उघडलं आहे, मोठाल्या कढयांत खिचडी शिजते. पण कुठे, ते माहीत नाही. मग गावातली एकोणीस माणसं या डोंगरावर चढली. सगळ्यांत उंच जागा ती. वरून धूर दिसेल. ज्या दिशेला धूर, त्या दिशेला चालायचं.

चढली. धूर दिसलाही.

पण उतरण्याइतका जीव कोणात उरला नव्हता.

ती एकोणीस माणसं तिथेच बसली, धुराकडे तोंड करून.

"तेव्हापासून कोणी वर अन्न नेत नाही," सुखराम म्हणाला. "नेलं तरी कोणाला 'या' म्हणत नाही. तो इंग्रज साहेब वर बसून डबा खाऊन गेला. त्याला काही झालं नाही. त्याने एकट्याने खाल्लं, कोणाला बोलावलं नाही. तुम्ही मात्र पान मांडलं, भैया. घास वाढला. या म्हणालात. साठ वर्षांत त्यांना पहिल्यांदा कोणी जेवायला बोलावलं."

"मंग तो घास खाऊन जाऊ दे ना त्याईले," देवीदास म्हणाला.

"तो घास ते खात नाहीत. तो म्हणजे त्यांचं आवतण. फक्त चाटतात, आणि परत ठेवतात. घास पानावर आहे तोवर आवतण आहे."

"मंग कसं करायचं?" वच्छलाने विचारलं.

सुखरामने तिच्याकडे पाहिलं नाही. "ज्या घरचा घास, त्या घरच्या माणसाने तो परत घ्यायचा. सगळा. कणही न ठेवता. पान चाटून."



आतून जयाचा श्वास ऐकू येत होता. तोही मोजून घेतल्यासारखा.

सुखरामला घेऊन नवराबायको, अशी तिघं निघाली. जयाला रंभाजवळ ठेवलं. मोजणीच्या गाडीने बालोदपर्यंत, तिथून बैलगाडी. पोरीला सोडून एवढं लांब जायचं, आणि परत येईपर्यंत ती राहील का, हे एकच वच्छलाच्या डोक्यात.

चढायला लागले तो दिवस सोमवार. सोळावा.

वच्छला उपाशी होतीच. आयुष्यात तिने डोंगर कधी चढला नव्हता. त्या सोंडेवरून दोन्ही हातांनी गवत धरत ती वर गेली. लाल माती घामात कालवून लुगडं रक्तासारखं झालं होतं. रान संपलं. दगड सुरू झाला. दुपारचं ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती माथ्यावर होती.

आधी तिला काही दिसलं नाही. नुसतं गवत.

मग दिसलं...

गवत दबलेलं होतं. गोल गोल, माणूस बसेल एवढ्या जागा. ओळीने. सारख्या अंतरावर. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

पंगत बसली होती.

आणि त्या दिशेला, खूप लांब, रानापलीकडच्या कुठल्याशा गावातून बारीक धूर वर चढत होता. कोणाच्या तरी घरी दुपारचा स्वयंपाक चालला होता.

चळतीपाशी पळसाचं पान वाळून तपकिरी झालं होतं, कडा वळल्या होत्या. त्याच्यावर घास होता. पाच आठवड्यांचा. उन्हातला.

ओला.

बुरशी नाही. मुंगी नाही. चुरम्याचे कण लाळेत फुगून एक लिबलिबीत गोळा झाला होता. त्यावर दातांचे ठसे होते, मोठे, लहान, आणि दोन-तीन अगदी बारीक, दुधाच्या दातांचे. तो वास सगळीकडून येत होता. समोरून, मागून, कानाजवळून.

"मी वाढला, मी खातो," देवीदास म्हणाला. गुडघ्यावर बसला. घास उचलला. ओठांना लावला...

आणि कोलमडला. पोटात काही नव्हतं, पिवळं पाणी तेवढं पडलं. घास परत पानावर पडला.

कुठेतरी, अगदी जवळ, मच्... मच्... सुरू झालं.

"माह्याच्यानं नाही होत, वच्छे," तो रडत म्हणाला.

"तुमच्यानं काय होते?" ती म्हणाली. "सरका."

नवऱ्याचं उष्टं जिने कधी खाल्लं नाही, ती खाली बसली. पदर खोचला. देवाचं नाव घ्यावं असं तिच्या मनात आलं, पण घेतलं नाही. अशा घासाबरोबर त्याचं नाव तोंडात घ्यायचं तिला पटलं नाही. तिने जयाचं नाव घेतलं.

आणि घास तोंडात घातला.

चघळण्याचे आवाज एकदम थांबले.

ती सांगायची, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दिसत कोणी नव्हतं, पण बघत होते.

गिळताना तो घशात अडकला. परत वर यायला लागला. तिने तोंडावर हात दाबून धरला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुन्हा गिळला. मग पान उचललं. जीभ बाहेर काढली. कडेपासून मधोमध, मधोमध ते देठापर्यंत, सगळं चाटलं. वाळलेलं पान जिभेला लागून फाटत होतं. त्याच्या खालच्या बाजूलाही ओल होती. तीही चाटली.

पान कोरडं झालं.

मग तिच्या शेजारचं गवत हळूहळू सरळ झालं. मग त्याच्या पुढचं. एक एक करत पंगत उठली.

पण अगदी टोकाची एक जागा, लहानशी, तशीच दबलेली राहिली. सुखराम "चला, चला, मागे बघू नका" म्हणत दोघांना ओढत होता. वच्छलाने बघितलं. ती जागा उठली का, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

मंगळवारी रात्र व्हायच्या आत ते कुरुदला पोचले. रंभा दारातच उभी होती.

"काल दुपारी," ती म्हणाली, "अचानक उठून बसली. म्हणाली, भूक लागली. वाटीभर पेज प्याली. मग परत मागितली."

जया चुलीपाशी बसून भात खात होती. दोन्ही गाल भरलेले. आईकडे पाहून हसली आणि खात राहिली.

वच्छलाने गंजाचं झाकण काढून पाहिलं. भात पांढरा होता, मोकळा होता, कोरडा होता.

ती बाहेर ओसरीवर येऊन बसली आणि तिथे तिला पुन्हा ओकारी आली. पण ओकली नाही ती. बाहेर काढला तर घास त्यांना परत दिल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. तिने ते सगळं आयुष्यभर पोटात ठेवलं.

व्रताचं उद्यापन तिने कधी केलं नाही. दिवसातून एकदा जेवायची, भर दुपारी, दार लावून, भिंतीला पाठ टेकून. लोक म्हणत काय कडक नेम आहे बाईचा. तिच्या घरी कोणी कधी "या जेवायला" म्हणत नसे. दारात पाहुणा आला तर ताट न बोलता पुढे ठेवायचे. नातेवाईक माणूसघाणे म्हणायचे. म्हणू द्यायची.

पुढच्या काही वर्षांत लांघन डोंगरीचा माथा खाणीत गेला. सुरुंग लावून वरून थरथर उतरवत नेला, गाड्या भरभरून भिलाईच्या भट्टीत आला. मी स्वतः जाऊन पाहिलं आहे. जिथे ती एकोणीस माणसं बसली होती, ती जागा आता हवेत आहे. खाली मोठा खड्डा आणि त्यात लाल पाणी.

ते कुठे गेले, मला कोणी सांगू शकलं नाही. मी मात्र आजही भात वाढताना आधी हात लावून बघते, कोरडा आहे ना.

मावशी जायच्या आदल्या वर्षी एका दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. विचारू नये ते विचारलं. म्हटलं, मावशी, तो घास तोंडात घातला तेव्हा कसा लागला गं?

जयाताईने माझ्याकडे डोळे वटारले.

"लोकाईले वाटते, शिळा लागला असंन," मावशी म्हणाली. "आंबलेला लागला असंन. नाही बाई."

तिने पदराने ओठ पुसले. कोरडेच होते, तरी पुसले.

"गरम होता," ती म्हणाली. "माह्या तोंडात ठेवाच्या आधी, त्याच घडीले, कोनाच्या तरी तोंडातून निघाला होता."